रेडकरांचे दोन डबे

“नंतर घासायचंय का?”

दुकानात आलेल्या माणसाला रेडकर पहिला प्रश्न हा विचारायचे. नमस्कार नाही, या-बसा नाही. गिऱ्हाईक गोंधळायचं. त्याला बिचाऱ्याला पाव किलो पावडर हवी असायची आणि समोर हा माणूस मुलाखत घ्यायला बसलेला. मग दुसरा प्रश्न यायचा, “भार येणार का त्याच्यावर?” आणि तिसरा, “पाण्यात जाणार?” तिन्ही उत्तरं मिळाल्याशिवाय रेडकरांचा हात डब्याकडे जायचा नाही. एखादा वैतागून निघून गेला तर ते त्याच्या पाठीकडे बघून शांतपणे म्हणायचे, “येईल.” बहुतेक वेळा तो यायचाही.

आमचं दुकान गिरगावात, हमरस्त्यापासून जरा आत. आम्ही रेझिन विकतो. पाकासारखा चिकट द्रव असतो, त्यात हार्डनर मिसळला की काही वेळात तो दगडासारखा कडक होतो. होडी, पाण्याची टाकी, मूर्तीचा साचा, टेबलाचा वरचा भाग, कशालाही लागतो. पण नुसता लावला तर उभ्या जागेवरून ओघळून पायाशी येतो. म्हणून त्यात पावडर कालवून तो घट्ट करायचा. कुठली पावडर, किती आणि कशासाठी, हे रेडकरांचं खातं. द्रव माझ्याकडे, पावडर त्यांच्याकडे. मधे दीड हाताची वाट. त्या वाटेच्या अलीकडून मी त्यांना अकरा वर्षं पाहिलं. त्यांचं गाव कुठलं, शिक्षण किती, मुलंबाळं काय करतात, हे मला आजही नीटसं सांगता येणार नाही. विचारलं असतं तर त्यांनी सांगितलं असतं. मी विचारलं नाही.

ठेंगणा माणूस. अर्ध्या बाह्यांचा शर्ट, खिशात पेनाच्या जागी आइसक्रीमच्या लाकडी काड्यांचा जुडगा, भुवयांवर कायम पांढरी पूड. तोंडाला मास्क. साथीच्या कितीतरी आधीपासून दिवसभर मास्क लावून बसणारा गिरगावातला हा एकच माणूस असावा. नव्या माणसाला ते आजारी वाटायचे. “आजारी पडू नये म्हणून लावलाय,” ते सांगायचे, “ही पावडर छातीत गेली की भाडं न देता राहते.”

एकदा एक तरुण आला. हातात महागडा फोन, फोनवर कुणाचा तरी व्हिडिओ थांबवून ठेवलेला. लाकडाच्या दोन फळ्यांमध्ये निळं रेझिन ओतून नदीसारखं टेबल करायचं होतं त्याला.

“काका, सगळ्यात चांगली फिलर पावडर द्या. पैशाचा प्रश्न नाही.”

“घरी आई आहे?” रेडकरांनी विचारलं.

“आहे ना. का?”

“तिला विचारा, सगळ्यात चांगलं पीठ कुठलं. ती म्हणेल, मेल्या, भाकरी करायचीय की लाडू? तेच मी विचारतोय.”

पोराने फोन पुढे केला. “पण ह्यात तो सिलिकाच घाला म्हणतो.”

“त्याने तुमचं टेबल पाहिलंय?”

मुलगा हसला आणि स्टुलावर बसला. रेडकरांनी त्याला पुढचा अर्धा तास चार डबे उघडून दाखवले. ही व्याख्यानं मला तोंडपाठ आहेत. हे शंखजिरं. मऊ, स्वस्त, घासायला लोण्यासारखं, पण पाणी पितं, म्हणून ओल्या जागी नको. ही सिलिका. चिमूटभर घातली तरी रेझिन भिंतीला धरून राहतं, पण सुकल्यावर घासायला गेलात तर खांदे निखळतील. हा कापसाचा भुगा, दोन वस्तू एकमेकींना धरून ठेवायला. आणि हे फुगे. हे काचेचे इतके बारीक पोकळ गोळे, की डोळ्यांना नुसती पांढरी पूड दिसते. फुगे घातलेला लगदा हलका होतो, खड्डे छान भरतो, पॉलिशपेपरखाली आनंदाने झिजतो. “पण आत हवा आहे,” रेडकर बोट उगारून म्हणायचे, “जिथे भार, तिथे फुगे नाहीत.”

लगदा किती घट्ट करायचा याची त्यांची मापं स्वयंपाकघरातली होती. आमटी, पिठलं, श्रीखंड आणि मोदकाची उकड, अशा चार पायऱ्या. “श्रीखंडापर्यंत न्या, उकड करू नका,” असं ते गंभीरपणे सांगायचे आणि दाढीवाले मिस्त्री तितक्याच गंभीरपणे मान डोलवायचे. खात्री करायची तर लगद्यात काडी बुडवायची, उलटी धरायची आणि दहा मोजायचे. दहापर्यंत थेंब गळला नाही तर उभ्या जागेवर लावायला हरकत नाही. ते दहा मोजायचे तेही सावकाश, दोन गिऱ्हाइकं खोळंबली असली तरी. एकदा त्यांची बायको विसरलेला जेवणाचा डबा द्यायला आली होती. हे सगळं ऐकून ती मला हळूच म्हणाली, “घरी यांना आमटी आणि पिठल्यातला फरक विचारा एकदा.”

कालवायच्या क्रमाबद्दलही त्यांचं एक ठरलेलं वाक्य होतं. रेझिनच्या दोन जाती, इपॉक्सी आणि पॉलिएस्टर. इपॉक्सीत आधी रेझिन आणि हार्डनरचं लग्न लावायचं, मग पावडरीचे पाहुणे बोलवायचे. पॉलिएस्टरमध्ये उलटं. तिथे पाहुणे आधी बसवून घ्यायचे, कारण लग्न लागलं की वेळ फार थोडा उरतो. हे ऐकून हसला नाही असा माणूस मी पाहिला नाही, आणि रेडकर स्वतः हसलेलेही पाहिले नाहीत.

खोताच्या वाडीतल्या लुईझाबाईंच्या घराचा एक लाकडी खांब खालून कुजला होता. सुतार म्हणाला, खांब बदला. बाईंना बदलायचा नव्हता. रेडकर दुपारच्या सुट्टीत तिथे जाऊन आले आणि त्यांनी बाईंना सांगितलं, कुजलेलं काढून टाका, आणि त्याच खांबाच्या चांगल्या भागाचा कीस मला आणून द्या. बाईंनी पिशवीभर आणला. रेडकरांनी तो उन्हात वाळवला, चहाच्या गाळणीने गाळला, मग मलमलच्या फडक्याने पुन्हा गाळला. आठवडाभर दुकानात सागवानाचा वास होता. दुकानाचे मालक शेठ म्हणाले, लाकडाचं पीठ आपल्याकडे पोत्याने पडलंय की. रेडकर म्हणाले, “त्याचा रंग परका दिसेल.” खांब अजून उभा आहे. जोड कुठे आहे ते बाईंनाच दाखवावं लागतं.

आता डब्यांकडे येते. रेडकरांच्या फळीवर बिस्किटांचे जुने पत्र्याचे डबे होते आणि एकावरही लेबल नव्हतं. शेठनी बारकोड आणले, संगणक आणला, रेडकरांपुढे हात टेकले. “लेबल वाचून पावडर देणारा माणूस लेबल चुकलं की काय करणार?” हे त्यांचं म्हणणं. ते झाकण उघडायचे, हातमोजा काढायचे, चिमूट घ्यायचे, अंगठा आणि बोटामध्ये चोळायचे. शंखजिरं साबणासारखं सरकतं. सिलिका बोटं कोरडी करते, चुरचुरते. फुगे चिमटीत राहतच नाहीत, पाण्यासारखे निसटतात. कापूस अडकतो. डोळे मिटून ते कुठल्याही पावडरीचं नाव सांगायचे. आम्ही कधीमधी त्यांची परीक्षाही घेत असू. शेवटच्या दोन वर्षांत ते “पुरे झाला पोरखेळ” म्हणून टाळायला लागले होते, हे माझ्या नंतर लक्षात आलं.

त्या फळीवर दोन डबे खास होते. रोजच्या गिऱ्हाइकांना दुकानात बसून मोजमाप करायला वेळ नसतो, म्हणून रेडकर दर शनिवारी दोन तयार मिश्रणं करून ठेवत. एकाला ते जोडायचा मसाला म्हणत. त्यात सिलिका आणि कापूस. दुसरा भरायचा मसाला. त्यात फुगे आणि थोडी सिलिका. दोन्ही पांढरे, दोन्ही हलके. डबेही सारखेच, शेजारी शेजारी, जोडायचा डावीकडे, भरायचा उजवीकडे.

आणि एक गोष्ट चहाची. आमच्याकडे चहा काचेच्या ग्लासात येतो, वाफाळता. आम्ही सगळे ग्लास वरच्या कडेला दोन बोटांनी धरून फुंकर मारत बसायचो. रेडकर अख्ख्या मुठीत धरायचे. “काकांचे हात पोलादाचे,” असं आम्ही म्हणायचो, कौतुकाने. मीही म्हटलंय.

शेवटच्या वर्षी पावसाळ्यात, मासेमारीची बंदी उठायच्या सुमारास, हिराबाई आल्या. वरळी कोळीवाड्यातल्या. स्वतः मासळी विकतात, होडी मुलगा चालवतो, महेश.

“काका, मागची फली हालते. इंजान बसतं ना, तीच. जोरात चालवली का करकर वाजते.”

“म्हणजे भार आला,” रेडकर म्हणाले. “पाणीही आलं. घासायचंय?”

“मना काय कलतं घासायचं? धरून ऱ्हायली पायजे. तिघं जनं जातात होरीवर.”

रेडकरांनी डाव्या डब्यात हात घातला, चिमूट घेतली, चोळली. पुन्हा चोळली. मग तिसऱ्यांदा. मी समोरून बघत होते. मग त्यांनी पिशवी भरून दिली, श्रीखंडाचं माप सांगितलं, काडी उलटी धरून दहा मोजायला सांगितले. हिराबाई गेल्या. ते तीनदा चोळणं मी पाहिलं होतं आणि काही बोलले नव्हते. याची मला आजही लाज वाटते.

नारळी पौर्णिमेच्या आदल्या दिवशी सकाळी लालबागचा एक साचे करणारा तणतणत आला. हातात वाळलेल्या लगद्याचा तुकडा.

“काय दिलंत काका? दोन दिवस घासतोय. चार पेपर फाटले, पण हे ढिम्म हलत नाय. भरायचा मसाला मागितला होता ना मी?”

रेडकरांनी तुकडा घेतला, काउंटरच्या कडेवर आपटला, खिशातल्या चाकूचं टोक त्यावर दाबलं. टोक सरकलं. ओरखडासुद्धा उठला नाही. त्यांनी तुकडा खाली ठेवला आणि त्या दोन डब्यांकडे पाहिलं. मग माझ्याकडे वळले.

“सावंतबाई, इकडे या. डोळे मिटा. डाव्या डब्यात बोट घाला.”

मी घातलं. पूड बोटांतून निसटून गेली.

“आता उजव्यात.”

बोटांना काहीतरी तंतूसारखं अडकलं. मी डोळे उघडले तेव्हा त्यांचा चेहरा मास्कच्या वर जेवढा दिसत होता तेवढा पांढरा झाला होता, आणि तो पुडीने नव्हे. शनिवारी डबे भरताना अदलाबदल झाली होती. साचेवाल्याला जोडायचा गेला, त्याचे फक्त हात दुखले. पण शनिवारनंतर जोडायचा म्हणून एकाच गिऱ्हाइकाने मसाला नेला होता.

शेठ म्हणाले, फोन करा. हिराबाईंचा नंबर कुणाकडेच नव्हता. मग म्हणाले, “जोडावर काचेचं कापड, फायबरग्लास, लावलं असेल त्यांनी. काही होत नाही, रेडकर. उगाच आपलं आपण नाव कशाला खराब करायचं?”

“कापडाखाली काय आहे ते मला माहीत आहे,” रेडकर म्हणाले आणि नव्याने मसाला मिसळायला बसले. या वेळी प्रत्येक पावडर आधी माझ्या बोटांखालून गेली. मग त्यांनी साचेवाल्याचा तुकडा खिशात टाकला. मी माझ्याकडचा इपॉक्सीचा डबा आणि हार्डनर उचलला. आम्ही टॅक्सीने वरळीला निघालो.

कोळीवाड्यात होडी किनाऱ्यावर ओढून ठेवली होती. नवा निळा रंग, पुढे पताका, आणि नारळ वाहायची तयारी. महेश इंजिनापाशी काहीतरी आवळत होता. रेडकरांनी कुणाला न विचारता मागच्या फळीचा जोड शोधला आणि चाकूचं टोक लावलं. रंग, कापड आणि खालचा लगदा, सगळ्यातून पातं खडूत जावं तसं आत गेलं. पांढरी पूड खाली सांडली.

“ओ! काय करताय?” महेश धावत आला.

रेडकरांनी खिशातला तुकडा काढून त्याच्या हातात दिला, चाकूही दिला. “ह्याला लावून बघ.”

महेशने दाबलं. पातं सरकलं.

“हे तुम्हाला मिळायला हवं होतं. दिलं ते दुसरंच. चूक माझी आहे. हा जोड पूर्ण खरवडून काढायला लागेल.”

“काका, उद्या सगल्या होऱ्या जानार. पहिला दिवस. आमचीच ठेवू इथं?”

“हो.”

“दगडासारखा घट्ट झालाय तो! दोन दिवस इंजान लावून बघितलंय मी.”

“किनाऱ्यावर बघितलंस,” रेडकर म्हणाले. “लाटेवर नाही.”

महेशने तुकडा वाळूत फेकला आणि शिव्या दिल्या. रेडकरांनी त्या ऐकून घेतल्या. आजूबाजूच्या होड्यांवरची माणसं काम थांबवून बघायला लागली. मग हिराबाई पुढे आल्या. त्या ओरडल्या नाहीत.

“चूक कशी झाली ते सांगा,” त्या म्हणाल्या.

रेडकरांनी मास्क खाली केला. अकरा वर्षांत गिऱ्हाइकासमोर मास्क काढलेला मी तेव्हाच पाहिला.

“साखर आहे मला. बोटांना कळेनासं झालंय. दोन वर्षं झाली. कुणाला सांगितलं नाही.”

मला चहाचा ग्लास आठवला. हिराबाईंनी त्यांच्या हातांकडे पाहिलं आणि त्या मुलाला म्हणाल्या, “जा, मशीन घेऊन ये घासायची.”

फुग्यांचा लगदा निघाला मात्र पटकन. त्याचा तो गुणच. तासाभरात जागा स्वच्छ झाली. फळी दोन बोटांनी ढकलली तर हलत होती, सगळ्यांना दिसेल इतकी. महेशने ती हलवून पाहिली, एकदा, दोनदा. मी रेझिन आणि हार्डनर मोजलं. रेडकरांनी मसाल्याची पिशवी उघडून हिराबाईंपुढे धरली.

“बोटात घेऊन सांगा. निसटतं की अडकतं?”

हिराबाईंनी चोळून बघितलं. “अडकतं.”

“नक्की?”

“काका, अख्खा जन्म बोटांनी मासली निवडली मी. अडकतं.”

मग रेडकरांनी लगदा कालवला, श्रीखंडापर्यंत. काडी बुडवून उलटी धरली ती त्यांनीच, पण दहा मोजायला सांगितले महेशला. त्याने रागातच मोजले, भरभर. “सावकाश,” रेडकर म्हणाले. त्याने पुन्हा मोजले. थेंब गळला नाही. रेडकरांनी हातमोजा चढवला आणि फळीच्या कोपऱ्यात लगदा अंगठ्याने दाबत, ओढत, स्वतः बसवला. महेशने वर कापड चढवलं. पावसाळी हवेत तो सुकायला एक दिवस तरी लागणार होता.

दुसऱ्या दिवशी सगळ्या होड्या गेल्या. ही एकटी किनाऱ्यावर राहिली. रेडकर सकाळीच तिथे जाऊन बसले होते, असं हिराबाईंनी मला पुढे कधीतरी सांगितलं. महेश त्यांच्याशी बोलला नाही. तिसऱ्या दिवशी होडी पाण्यात गेली.

त्यानंतरच्या सोमवारी रेडकर कात्री आणि जाड कागद घेऊन आले. एकेका डब्यात मी बोट घालायचे, काय लागतं ते सांगायचे, आणि ते मोठ्या, वळणदार अक्षरात नाव लिहून डब्यावर चिकटवायचे. दोन मसाल्यांचे डबे त्यांनी फळीच्या दोन टोकांना ठेवले. शेठ गमतीने म्हणाले, “अखेर लेबलं लागली!” रेडकरांनी हो म्हटलं. दिवाळीपर्यंत त्यांनी मला बसवून सगळं शिकवलं आणि दिवाळीनंतर यायचे थांबले. त्यांना कुणी जा म्हटलेलं नव्हतं. आता गिऱ्हाइकाला मीच विचारते, नंतर घासायचंय का.

पुढच्या वर्षी नारळी पौर्णिमेच्या आधी मी हिराबाईंकडे मासळी घ्यायला गेले होते. होडी किनाऱ्यावर होती आणि तिच्या मागच्या बाजूला, उलट्या ठेवलेल्या क्रेटवर, रेडकर बसले होते. वाळले होते. मला बघून उठले नाहीत, बरं चाललंय का विचारलं नाही.

“सावंतबाई, बऱ्या आलात. जरा हात लावून बघा.”

मी फळीच्या कोपऱ्यात हात घातला. रंग नवा होता, पण त्याच्या खाली जोड तसाच होता, ओबडधोबड. कापडाखालून त्यांच्या अंगठ्याची खोबण लागत होती, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत. मी जोर लावून फळी ढकलली. हलली नाही.

“घट्ट आहे,” मी म्हटलं. “घासलं नाही पण कुणी.”

“नव्हतंच घासायचं.”

मग त्यांनी वाकून स्वतःचा अंगठा त्या खोबणीत ठेवला आणि हळूहळू शेवटपर्यंत फिरवला. त्यांना काही लागत नव्हतं, हे मलाही माहीत होतं. पलीकडे महेश जाळं नीट करत होता. त्याने मान वर करून पाहिलं, आणि त्यांचं होईपर्यंत थांबला.